खारेपणाचा खर्च: नदीमुखातल्या माशांची वाढ आणि वीण

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, नदीच्या पाण्यात अर्धा ग्रॅमही नसतो. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांचे रक्त या दोहोंच्या मध्ये पडते, समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारे. त्यामुळे नदीत माशाच्या अंगात पाणी शिरत राहते आणि समुद्रात अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. नदीमुखातल्या माशाला तर भरती-ओहोटीगणिक दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. त्याची वाढ आणि वीण यांचा पाण्याच्या खारेपणाशी असलेला संबंध इथूनच सुरू होतो.

अभ्यासाची सुरुवात मात्र माशापासून झाली नाही, पाणी मोजण्यापासून झाली. ‘चॅलेंजर’ जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले. त्यातल्या 77 नमुन्यांचे विश्लेषण विल्यम डिटमार यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केले. पाणी कमी खारे असो वा जास्त, त्यातल्या प्रमुख क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळपास तेच राहते, हे त्यातून पक्के झाले. मग एकट्या क्लोराइडवरून एकूण खारेपणा काढता येऊ लागला आणि त्यासाठीची मार्टिन क्नुडसेन यांची 1901 ची कोष्टके घरोघरच्या पंचांगासारखी प्रयोगशाळांतून वापरात आली. 1958 मध्ये व्हेनिसच्या परिषदेत निमखाऱ्या पाण्याचे 0.5 ते 5, 5 ते 18 आणि 18 ते 30 (एक किलो पाण्यात इतके ग्रॅम क्षार; पुढचे आकडेही याच मापाचे) असे पट्टे ठरले. पट्टे सोयीचे आहेत, पण अमुक मासा अमुक पट्ट्यातला असे म्हणून मोकळे होण्याची सवयही त्यांनी लावली, असे मला वाटते. खाडीतला मासा एकाच दिवसात दोन पट्टे ओलांडतो.

मासा हे कसे निभावतो, याचा उलगडा 1930 च्या सुमारास झाला. समुद्रातला मासा चक्क खारे पाणी पितो आणि त्यातले बरेचसे मीठ मूत्रपिंडावाटे नव्हे तर दुसऱ्या वाटेने बाहेर टाकतो, हे होमर स्मिथ यांनी दाखवले. ती वाट कल्ल्यांची, हे ईल माशावरच्या प्रयोगांतून अ‍ॅन्सेल कीज यांनी सिद्ध केले. हेच कीज पुढे आहार आणि हृदयविकारावरच्या कामासाठी जगभर ओळखले गेले. कल्ल्यांतल्या विशिष्ट पेशी हे काम करतात असा तर्क त्यांनी 1932 मध्ये एका सहकाऱ्यासह मांडला. तो नि:संशय ठरायला 1982 उजाडले. मधल्या काळात, 1959 मध्ये, मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी काढून टाकलेले किलीफिश नावाचे छोटे मासे गोड्या पाण्यात मरतात, पण त्याच ग्रंथीचे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दिले तर तगतात, असे दिसून आले. वाढ, वीण आणि मिठाचा तोल यांची सूत्रे एकाच ग्रंथीकडे आहेत, हे तेव्हापासून दुर्लक्षिता येईना.

तोवर विचारला जाणारा प्रश्न होता तो जगण्याचा: मासा किती खारेपण सोसतो? मत्स्यशेती वाढली तसा तो बदलला. सोसायला किती खर्च येतो? मीठ आत-बाहेर करायला ऊर्जा लागते आणि ती खाल्लेल्या अन्नातूनच जाते. मासा जिवंत असतो, खातोही, पण वजन धरत नाही. 2001 मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा 8 ते 20 या मधल्या खारेपणात अनेक जातींची वाढ चांगली होते असे दिसले. मिठाचा तोल राखायला माशाची निम्मी ऊर्जा लागते असे जुने काही अंदाज होते, नंतरच्या मोजणीत तो वाटा 10 टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे नुसती ऊर्जेची बचत हे वाढीचे पूर्ण उत्तर नव्हे. भूक, अन्न अंगी लागणे आणि संप्रेरके यांच्यावरही खारेपणाचा परिणाम होतो.

विणीच्या बाबतीत हिशेब आणखी कडक आहे. वाढलेला मासा कल्ले आणि मूत्रपिंडे वापरून निभावून नेतो, पण अंड्याला कल्ले नसतात आणि शुक्राणू थेट पाण्यात सुटतात. जिताडा नदीत वर्षानुवर्षे वाढतो, वीण मात्र समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात, नदीच्या तोंडाशी येऊनच करतो. उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्रातला कॉड मासा हे याहून बोलके उदाहरण. 7-8 खारेपणाच्या पाण्यात तो सहज राहतो, पण त्याचे शुक्राणू सुमारे 11 च्या खाली हालचालच करत नाहीत आणि अंडी तरंगायला 14 च्या आसपास खारेपणा लागतो. तितके खारे पाणी तिथे फक्त खोलात असते आणि खोलात प्राणवायू संपत जातो. उत्तर समुद्राचे ताजे खारे पाणी मोठ्या प्रमाणात आत शिरले तरच अंडी जगतात. 1983 ते 1993 या दहा वर्षांत असे मोठे लोंढे आलेच नाहीत आणि त्या काळात कॉड झपाट्याने घटला.

त्याच समुद्रातल्या फ्लाउंडर या चपट्या माशाने दुसरी वाट काढली. त्याचे काही गट खोल पाण्यात तरंगणारी अंडी घालतात, तर काही उथळ, कमी खाऱ्या पाण्यात तळाशी बसणारी लहान, जाड कवचाची अंडी. दिसायला दोन्ही मासे इतके सारखे की एकच जात धरली जात होती. 2018 मध्ये तळाशी अंडी घालणाऱ्या फ्लाउंडरला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले, प्लॅटिक्थिस सोलेमडाली. 1960 च्या दशकात याच माशाच्या अंड्यांवर खारेपणाचा परिणाम तपासणाऱ्या पेर सोलेमडाल यांच्या नावावरून ते ठेवले आहे.