तुमच्या चाळीच्या तुळईची फुलदाणी : काम देण्याआधी एवढं वाचा

गिरगाव, लालबाग, परळकडची जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की तुळया, खांब, जिन्याचे कठडे निघतात. त्यात बऱ्याचदा बर्मा साग असतो. असा एखादा तुकडा तुम्ही राखून ठेवला असेल, तर आम्ही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर, त्याची फुलदाणी करून देतो.

हे लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, ही मोठी सोय. ओल्या लाकडाची फुलदाणी लगेच पूर्ण केली तर वाळताना ती लंबगोल होते, कारण लाकूड खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या बाजूने जास्त आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे कमी. त्यामुळे ओला ठोकळा जाडसर कातून काही महिने ठेवून द्यावा लागतो. तुळईला ही वाट पाहावी लागत नाही.

डोकेदुखी खिळ्यांची. वरून काही दिसत नाही आणि आत गंजलेला खिळा तुटून बसलेला असतो. पटाशीची धार त्यावर गेली की संपलीच. म्हणून ठोकळ्यावरून आधी मेटल डिटेक्टर फिरवतो. लोखंडामुळे सागात निळसर काळा डाग उतरतो. आम्हाला तो आवडतो, तुम्हाला नको असेल तर आधीच सांगा. तुकड्यावर जुना ऑइलपेंट असेल तर घरी घासत बसू नका. त्यात शिसं असू शकतं.

तुळई सहा इंची असेल तर फुलदाणी साडेपाच इंचांच्या वर जाणार नाही. मधोमध गाभ्याची चीर असेल तर त्याहून लहान. मान अरुंद हवी असेल तर पैसे जास्त पडतात. आत हत्यार दिसत नाही, कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावून आणि आवाज ऐकून जाडी ओळखावी लागते. भिंत पातळ होत गेली की आवाज बदलतो.

आता पाण्याचं. लाकडाच्या शिरा फुलदाणीत उभ्या असतात, म्हणजे तळाशी त्यांची तोंडं उघडी, स्ट्रॉची जुडी उभी धरावी तशी. पॉलिश कितीही चढवलं तरी पाणी आज ना उद्या तिथून झिरपतंच. त्यामुळे ताज्या फुलांसाठी आत काचेची नळी बसवून देतो. पाणी नळीतच घाला.

चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशवर पाणी राहिलं तर पांढरा डाग पडतो आणि सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं तर पॉलिशच विरघळतं. पावसाळ्यात बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा, वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. मग मेणाचा एक हलका हात द्या.

येताना तुकडा तसाच आणा. घरी कापून आणलेल्या तुकड्यात लांबी कमी पडते.