गुणसूत्रांची मांडणी आणि हालचाल

पेशीचे दोन भाग होताना तिच्यातली गुणसूत्रं (डीएनएचे धागे) आधी गुंडाळली जातात, मग मधोमध एका ओळीत येतात आणि मग दोन टोकांना ओढली जातात, या प्रकाराला सूत्री विभाजन किंवा मायटोसिस म्हणतात. मायटोसिस हे नाव वाल्थर फ्लेमिंगने १८८२ मध्ये दिलं. गुणसूत्रं माणसात ४६, कांद्यात १६, आपल्या संत्र्यात १८. शहर संत्र्याचं, पण नागपुरातही बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला कांदाच लागतो, कारण संत्र्याची गुणसूत्रं एवढीशी की मोजता मोजता डोळे फुटतील, कांद्याची कशी मोठी नं ठसठशीत.

कॉटन मार्केटातला कांदा पाण्याच्या ग्लासवर बूड टेकवून ठेवायचा, तीन-चार दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात (मे महिन्यात हे करू नका बाप्पा, दुपारी ग्लासातलं पाणीच कोमट होतं, आमच्या मुळ्या सडून आठवडा वाया गेला होता). मुळीचं फक्त टोक घ्यायचं, ॲसिटोकार्मिन हा लाल रंग टाकायचा, स्लाइड जराशी गरम करून कव्हरस्लिपवर अंगठा दाबायचा. बऱ्याच पेशींत नुसता लाल गोळा दिसतो, म्हणजे विभाजन चालू नाही. पण त्या गोळ्यातही प्रत्येक गुणसूत्राचा आपला मोहल्ला असतो, धागे सैल असल्याने ते वेगळे दिसत नाहीत एवढंच.

खरी मजा मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रं मधोमध ओळीत येतात तेव्हा. तोवर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती झालेल्या असतात, कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना बांधलेल्या. दोन्ही टोकांकडून आलेले तुर्कतंतू (ओढणारे बारीक धागे) गुणसूत्रबिंदूपाशी, म्हणजे दोन प्रती जुळतात तिथे, या दोन प्रतींना एकेका बाजूने पकडतात आणि ओढ दोन्हीकडून सारखी, म्हणून गुणसूत्र मधे उभं राहतं. चित्रात ते आरामात बसल्यासारखं वाटतं पण ती चालू रस्सीखेच असते. एकही गुणसूत्र नीट पकडलं गेलेलं नसेल तर तेवढ्यावरून थांबण्याचा इशारा चालू राहतो आणि अख्खी पेशी त्याच्यासाठी खोळंबते. शेवटचं जागेवर आलं की सेपरेज नावाचं विकर कोहेसिन कापतं आणि सगळ्या जोड्या जवळपास एकदमच सुटतात.

मग गुणसूत्रं दोन टोकांकडे निघतात, ही पश्चावस्था, वेग मिनिटाला साधारण १ मायक्रोमीटर. तंतू रबरासारखा आकसत नाही, तो टोकाकडून सुटा होत होत आखूड होतो आणि गुणसूत्र त्याला धरून मागे सरकतं, बिंदू पुढे आणि बाहू मागे फरफटत. कोल्चिसिन हे औषध टाकलं तर तंतूच बनत नाहीत, गुणसूत्रं तिथेच अडकतात आणि मोजायला सोपी जातात, माणसात ४८ नाही तर ४६ आहेत हे तिजो आणि लेवान यांनी १९५६ मध्ये दाखवलं त्यातही हेच औषध होतं.

स्लाइडवर हलताना काहीच दिसत नाही, पेशी रंगात मेलेल्या असतात, वेगवेगळ्या पेशी बघून क्रम आपणच लावायचा. आणि पश्चावस्था इतकी झटपट उरकते की तीच नेमकी सापडत नाही, मग बाजूच्याची स्लाइड मागायची.