छोट्या पेटीतला खर्ज
घरासाठी आटोपशीर स्टिरिओ घेताना बहुतेकांची नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते. प्रत्यक्षात त्या आकड्यावरून आवाजाबद्दल फारच थोडे कळते. अॅम्प्लिफायरची शक्ती 50 वॅटवरून 100 वॅट केली, तरी आवाजाची पातळी जेमतेम 3 डेसिबलने वाढते. तोच आवाज कानाला दुप्पट वाटायचा, तर साधारण 10 डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून आधी स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. एका वॅटवर एक मीटर अंतरावर 88 डेसिबल देणारा स्पीकर 85 डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज निम्म्या शक्तीत काढतो. स्पीकरचा विद्युत रोध 4 ओहम इतका कमी असेल, तर अॅम्प्लिफायर तो पेलू शकतो का, हेही माहितीपत्रकात तपासावे.

खरी अडचण खर्जाची आहे. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झने कंप पावते आणि खाली उतरताना पाच इंची वूफरची दमछाक बहुधा तिथे पोहोचण्याच्या बरीच आधी सुरू होते. लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत, एकीवर पाणी सोडावेच लागते, हा नियम स्पीकर-अभियंता जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. 1954 साली अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान आकारात खोल खर्ज मिळवला, पण त्याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागली. आज बहुतेक लहान स्पीकरांना हवेचे भोक, म्हणजे पोर्ट असतो. पोर्टमधली हवा ठरावीक कंपनसंख्येला पेटीतल्या हवेसह अनुनादित होऊन खर्जाला जोर देते. मात्र त्याखाली आवाज दर सप्तकाला 24 डेसिबल या वेगाने घसरतो, तर बंद पेटीत तीच घसरण 12 डेसिबलची असते. लहान खोलीत मला बंद पेटीचा मोजका, स्वच्छ खर्ज अधिक भावतो.

या स्पीकरांना बुकशेल्फ म्हणतात खरे, पण पुस्तकांच्या फळीत कोंबल्यास त्यांचे बरेचसे गुण वाया जातात. पाठीमागे पोर्ट असेल आणि भिंत चिकटून असेल, तर खर्ज फुगतो आणि गाण्याचे शब्द धूसर होतात. स्पीकरचा पुढचा भाग भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा ध्वनी सुमारे 1.2 मीटर जास्त प्रवास करतो. 143 हर्ट्झच्या आसपास हे अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके भरते, आणि थेट आलेला व परतलेला ध्वनी एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढतात. स्पीकर वीतभर पुढे-मागे केला, की ही कंपनसंख्या बदलते. म्हणून स्टँडवर, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर ठेवून, दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधेल अशा बेताने, परिचयाचे एकच गाणे लावून जागा ठरवावी. शक्य असल्यास हा प्रयोग खरेदीपूर्वी स्वतःच्याच खोलीत करावा, कारण चार मीटर लांबीच्या खोलीचा स्वतःचा पहिला अनुनाद 43 हर्ट्झच्या जवळ असतो आणि दुकानातल्या मोठ्या दालनात त्याचा पत्ताही लागत नाही.

एवढे करूनही खालचे सूर हवेसे वाटले, तर पेटी मोठी करण्याऐवजी सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, जोडावा. 80 हर्ट्झला तरंगलांबी चार मीटरहून अधिक असते, त्यामुळे त्याखालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, आणि सबवूफर खोलीत जिथे सोयीचा व समतोल वाजेल तिथे ठेवता येतो.