जुनी लष्करी पदके: घासण्याआधी हे वाचा

ओळख पटवण्यासाठी आमच्याकडे येणारी पदके साधारण दोन तऱ्हेची असतात. काही काळवंडलेली, फीत विरलेली, पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राहिलेली. काही लखलखीत. लखलखीत पदक हातात आले की आमच्या पोटात गोळा येतो. घरच्यांनी मोठ्या मायेने पॉलिश लावून ते घासलेले असते आणि त्या घासण्यात कडेवरची अक्षरे पुसट झालेली असतात. पदकाच्या दर्शनी बाजूवर राजाचा मुखवटा असतो, मागे सिंह, घोडेस्वार किंवा विजयदेवता असते. हे चित्र लाखो पदकांवर एकसारखेच आहे. तुमच्या पदकाला इतरांहून वेगळे करते ती फक्त कड.

म्हणून आमची पहिली विनंती: पदक आहे तसे ठेवा. धुऊ नका, घासू नका, फीत बदलू नका. अनेक पदके एकाच पट्टीवर शिवलेली असतील तर ती सुटी करू नका. कोणते पदक कोणाच्या शेजारी आहे हाही पुरावाच असतो.

कड कशी वाचावी

उजेड समोरून नको, बाजूने तिरपा पडू द्या. साधे भिंग पुरते. पदक थोडे थोडे फिरवत जा. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या पदकांवर बहुधा चार गोष्टी सापडतात: क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. १९१४-१५ च्या स्टारवर, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर, हाच मजकूर कडेऐवजी मागच्या सपाट बाजूवर असतो.

समजा, एका रुपेरी पदकाच्या कडेवर चार आकडी क्रमांक, पुढे ‘सिपॉय’, नाव आणि शेवटी ‘११० मराठा एल. आय.’ असे दिसले. यात बरेच काही दडले आहे. ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होती. कूत अल-अमाराच्या वेढ्यात ती अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या सैन्याला शरणागती पत्करावी लागली. म्हणजे हा शिपाई वेढ्यात होता का, युद्धकैदी झाला का, की नंतर भरती होऊन नव्या तुकडीबरोबर गेला, हे प्रश्न लगेच उभे राहतात.

पण हीच पलटण तुम्हाला दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत ‘११०’ म्हणून सापडणार नाही. १९२२ च्या फेररचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शौर्य गाजवून मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे याच बटालियनचे. स्वातंत्र्यानंतर हीच पलटण पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. पलटणीचा क्रमांक वाचताना साल बरोबर धरले नाही तर माणूस भलत्याच आघाडीवर जाऊन पोहोचतो. आमच्याकडे येणाऱ्या ‘घरगुती संशोधना’तला सर्वांत मोठा घोळ इथेच होतो.

सैनिकाच्या क्रमांकाचेही तसेच. ब्रिटिश लष्करात १९२० पर्यंत हे क्रमांक पलटणीपुरते असत. एकच क्रमांक वेगवेगळ्या पलटणींतल्या अनेकांचा असू शकतो आणि बदली झालेल्या एकाच माणसाला दोन-तीन क्रमांक मिळालेले असू शकतात. नावाच्या स्पेलिंगवर तर हटून बसूच नका. लिहिणारा कारकून कानाला ऐकू आले तसे लिहायचा. जाधव, पवार, शिंदे ही आडनावे रोमन लिपीत किती तऱ्हांनी येतात ते कोणतीही जुनी यादी उघडून पाहा. शोध घेताना क्रमांक आणि पलटण घट्ट धरा, नाव थोडे सैल सोडा.

कड कोरी असेल तर

घाबरू नका. कोरी कड म्हणजे बनावट पदक नव्हे. ब्रिटनमधील सैनिकांना दुसऱ्या महायुद्धाचे स्टार आणि युद्धपदक नावाशिवायच दिले गेले. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेने मात्र आपल्या सैनिकांची नावे घातली. १९१४ च्या अखेरीस सुरू झालेला मिलिटरी क्रॉस हा शौर्यसन्मान नाव न घालताच दिला जाई. त्यावर नाव दिसले तर ते बहुधा मिळवणाऱ्याने स्वतः कोरून घेतलेले असते. १९१६ मध्ये सुरू झालेले मिलिटरी मेडल मात्र नावासह असे, त्यामुळे कोऱ्या कडेचे मिलिटरी मेडल आले की आम्ही भुवया उंचावतो.

फ्रान्सच्या १९१५ च्या क्र्वा द गेर या युद्धसन्मानाच्या क्रॉसवर नाव नसते, पण फितीवरची खूण बोलते. ताडपत्र असेल तर गौरव लष्कराच्या पातळीवर झाला होता, रुपेरी तारा असेल तर डिव्हिजनच्या, कांस्य तारा असेल तर रेजिमेंट किंवा ब्रिगेडच्या. सोव्हिएत ‘रेड स्टार’ या सन्मानचिन्हाच्या मागे अनुक्रमांक असतो. नाव नसले तरी त्या क्रमांकावरून अभिलेखागारातले कार्ड निघू शकते, आणि मग कार्डावरून माणूस.

खरे, खोटे आणि मधले

ग्राहकांना ‘खरे की खोटे’ एवढेच हवे असते. प्रत्यक्षात मधला प्रकार सर्वांत जास्त भेटतो: पदक अस्सल, पण त्यावर काहीतरी उद्योग झालेला.

पहिला उद्योग नाव बदलण्याचा. मूळ नाव कानशीने घासून काढायचे आणि मागणी असलेल्या लढाईतल्या एखाद्याचे नाव घालायचे. हे डोळ्यांना चकवते, मापाला चकवत नाही. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश वॉर मेडलचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. कॅलिपरने उभा, आडवा आणि दोन्ही तिरप्या दिशांनी व्यास मोजायचा. कड घासलेली असेल तर माप कमी भरते, किंवा चार दिशांना चार मापे येतात. अक्षरांची पद्धतही पाहावी लागते. त्या काळात त्या पदकावर ठसे मारून नाव घालत असतील आणि तुमच्या पदकावर ते हाताने कोरलेले असेल, तर कारण शोधले पाहिजे. मात्र लगेच लबाडीचा आरोपही नको. पदक हरवलेला सैनिक कधी कधी दुसऱ्याचे पदक विकत घेऊन त्यावर आपले नाव घालून घेई. ते पदक त्याला मिळालेले नव्हे, पण त्याच्या छातीवर होते. अहवालात आम्ही या दोन्ही गोष्टी लिहितो.

दुसरा उद्योग क्लॅस्पचा, म्हणजे फितीवर लढाईचे नाव घेऊन बसणाऱ्या धातूच्या पट्टीचा. यात ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. १८५१ मध्ये मंजूर झालेले हे पदक १८०३ ते १८२६ या काळातल्या मोहिमांसाठी होते. त्याच्या पट्ट्यांवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव अशी नावे त्या काळच्या इंग्रजी स्पेलिंगने येतात. पदक हयात असलेल्यांनाच मिळणार होते. १८०३ ची असईची लढाई लढलेल्या माणसाला त्यासाठी आणखी ४८ वर्षे जगणे भाग होते. साहजिकच काही पट्ट्या अतिशय दुर्मीळ आहेत, आणि जे दुर्मीळ ते नंतर ‘जोडले’ जाते. आम्ही पट्टीच्या मागची रिव्हेट आणि टाका तपासतो, मग यादी काढतो. त्या माणसाची पलटण त्या लढाईत नव्हतीच असे निघाले, तर पट्टी कितीही सुबक असो, प्रश्न मिटला.

तिसरा प्रकार सरळ नकलेचा. ओतीव नकलेत बारकावे मऊ होतात, सपाट भागावर बारीक पुटकुळ्या दिसतात, कडेवर साच्याची रेघ राहते. जर्मन आयर्न क्रॉस हा नकलाकारांचा फार आवडता. हा सन्मान प्रशियात १८१३ मध्ये सुरू झाला आणि १८७०, १९१४ व १९३९ मध्ये पुन्हा जाहीर झाला. सालाचा आकडा खालच्या भुजेवर असतो. लोखंडी गाभा आणि भोवती रुपेरी चौकट अशी त्याची नेहमीची घडण, म्हणून ‘चुंबक लावून पाहा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते या चाचणीचे स्तोम माजवले गेले आहे. चांगल्या नकलाही चुंबकाला चिकटतात आणि काही अस्सल क्रॉस पितळी वा जस्ताच्या गाभ्याचे असल्याने चिकटत नाहीत. जोड पाहा, चौकटीची मण्यांची कड पाहा, मग चुंबक काढा.

फितीसाठी अतिनील दिवा उपयोगी पडतो. महायुद्धांनंतर धाग्यांत व धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायने आली, ती या दिव्याखाली निळसर उजळतात. पण जुन्या पदकावर नवी फीत असणे हा गुन्हा नाही. फिती झिजतात, बदलल्या जातात. उलट नव्या पदकाला जुनी फीत लावलेली दिसली तर सावध व्हा.

घडणीचे वर्ष आणि प्रदानाचे वर्ष एकच असते असेही नाही. अमेरिकेने १९४५ मध्ये जपानवरील संभाव्य स्वारीत घायाळ होणाऱ्यांसाठी पर्पल हार्ट या पदकाचा प्रचंड साठा करून ठेवला. स्वारी झाली नाही आणि तो साठा पुढच्या युद्धांत अनेक दशके पुरला.

कागदांचा शोध

पदकामागचा माणूस कागदांत असतो. ब्रिटिश सैनिकांच्या पहिल्या महायुद्धातील पदकांची कार्डे आणि याद्या लंडनमधील क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतरच्या भारतीय सैन्याच्या पदकयाद्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दफ्तर पाहावे लागते. शौर्यपदक असेल तर ‘लंडन गॅझेट’ हे ब्रिटिश सरकारी राजपत्र हा पहिला थांबा. तो घरबसल्या वाचता येतो. मात्र मिलिटरी मेडलच्या बाबतीत गॅझेटमध्ये बहुधा नुसते नाव मिळते, पराक्रमाचे वर्णन नाही. फ्रान्सच्या लेजिअन ऑफ ऑनर या सन्मानासाठी ‘लेओनोर’ हा सूचीसंग्रह आहे, त्यात १९७७ पूर्वी मृत्यू पावलेल्या मानकऱ्यांच्या फायली आहेत.

पलटणीच्या युद्ध-रोजनिशीकडून मोठ्या अपेक्षा ठेवू नका. तिच्यात हवामान, कूच, तोफमारा, मृतांचे आकडे सापडतात. अधिकाऱ्यांची नावे येतात, साध्या शिपायाचे नाव क्वचितच. तरीही आम्ही ती वाचतो, कारण अमुक दिवशी ती पलटण कुठल्या खंदकात होती हे दुसरीकडे मिळत नाही.

काही दारे कायमची बंद आहेत, हेही आधीच सांगितलेले बरे. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात लष्करी दफ्तराला आग लागली आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या निम्म्याहून अधिक सेवा-फायली जळाल्या. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइसच्या दफ्तराला आग लागून १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या. ‘फाइल नाही’ याचा अर्थ ‘तो सैनिक नव्हता’ असा होत नाही. अशा वेळी याद्या, निवृत्तिवेतनाचे कागद आणि स्मारकांच्या नोंदी जोडून काम चालवावे लागते.

पहिल्या महायुद्धातील मृतांच्या वारसांना दिलेली सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य चकती काही घरांत असते. तिच्यावर फक्त नाव असते. हौतात्म्यात लहानथोर नको म्हणून हुद्दा आणि पलटण मुद्दाम गाळली होती. कल्पना उदात्त, पण संशोधकाच्या डोक्याला ताप. नाव सर्रास आढळणारे असेल तर चकतीबरोबरचे पत्र किंवा पाकीट शोधून काढा. त्याशिवाय माणूस पक्का करता येत नाही.

घरी ठेवताना

चांदीचा शत्रू गंधक. लोकरी कापड, रबरबँड, वर्तमानपत्र आणि साधा पुठ्ठा यांपासून ती दूर ठेवा. मऊ पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत चिकट होतात आणि धातू हिरवा पडतो. त्याऐवजी आम्लरहित कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटे घ्या. मिनाकारी असलेले पदक कोणत्याही द्रावणात बुडवू नका. भेगेतून पाणी आत शिरले की मिना उडतो. काळसर थर राहू द्या, त्याने पदकाचे काही बिघडत नाही.

तुटलेल्या संचाबद्दल एक गोष्ट. पहिल्या महायुद्धाचे व्हिक्टरी मेडल आहे पण त्याच्या जोडीचे चांदीचे वॉर मेडल नाही, असे पुष्कळदा आढळते. १९८० च्या सुमारास चांदीचे भाव भडकले तेव्हा अशी असंख्य पदके वितळवली गेली. हरवलेल्या पदकाच्या जागी आम्ही नक्कल बसवून देतो, पण तिच्या कडेवर ‘प्रत’ असे कोरूनच. तशी खूण नको असेल तर ते काम आम्ही घेत नाही.

आम्हाला पाठवताना

आधी फोटो पाठवा: दोन्ही बाजूंचा एकेक, आणि पदक थोडे थोडे फिरवून घेतलेले कडेचे चार. फ्लॅश बंद ठेवा. सोबत घरात सांगितले जाते ते सर्व लिहून द्या, खात्री नसली तरी. गाव, अंदाजे जन्मसाल, ‘आजोबा बसऱ्याला होते म्हणे’ एवढ्यावरूनही यादीतल्या दोन सारख्या नावांतला आपला माणूस ओळखता येतो. आम्ही ऐकीव आणि कागदोपत्री माहिती वेगवेगळ्या रकान्यांत ठेवतो.

ज्या पदकाची पारख आम्ही करतो ते विकत घेत नाही, आणि विकायचे असेल तर कायदा आधी पाहायला सांगतो. अमेरिकेत मेडल ऑफ ऑनर विकणे गुन्हा आहे, जर्मनीत स्वस्तिकासह पदके जाहीरपणे मांडण्यावर निर्बंध आहेत, आणि भारतात १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरली तर ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

प्रत्यक्ष पदक फक्त आम्ही मागितले तरच पाठवा. बरेचसे काम फोटोंवरच होते. पाठवायचे झाल्यास प्रत्येक पदक वेगळ्या कागदात गुंडाळा, एकमेकांवर आपटू देऊ नका, टपालाने नोंदणी करून व विमा उतरवून पाठवा, आणि निघण्यापूर्वी कडेवरचा मजकूर एका कागदावर उतरवून तो कागद घरीच ठेवा.