कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ आणि कॉर्टेक्सची जाडी: जुळ्यांच्या एमआरआयमधून कळलेला फरक

एखाद्या अभ्यासात ‘कॉर्टेक्सचं घनफळ कमी आढळलं’ असं लिहिलेलं दिसलं, की आधी विचारायला हवं: कमी काय आहे, क्षेत्रफळ की जाडी? घनफळ हा या दोघांचा गुणाकार. मोठी पण विरळ गोधडी आणि लहान पण थरावर थर दिलेली गोधडी तराजूत सारख्याच भरू शकतात. नुसत्या वजनावरून ती कशी शिवली ते कळत नाही.

कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचं घड्या पडलेलं बाहेरचं आवरण. दोन्ही गोलार्धांचं उलगडून पसरलं, तर साधारण वर्तमानपत्राच्या एका मोठ्या पानाएवढं भरेल. जाडी मात्र सरासरी २.५ मिलिमीटर, आणि जागेनुसार सुमारे १ ते ४.५ मिलिमीटर. स्कॅनमधला एकेक ठोकळा बहुधा १ मिलिमीटर बाजूचा असतो. फ्रीसर्फरसारखं सॉफ्टवेअर त्यावर त्रिकोणांच्या दोन जाळ्या बसवतं: एक पांढरा आणि करडा भाग मिळतात त्या सीमेवर, दुसरी कॉर्टेक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली की क्षेत्रफळ मिळतं. दोन जाळ्यांमधलं अंतर म्हणजे जाडी.

आता जुळ्यांकडे येऊ. एकाच फलित बीजांडापासून झालेल्या (एकबीज) जुळ्यांची जनुकं जवळजवळ शंभर टक्के सारखी असतात. दोन वेगळ्या बीजांडांपासून झालेल्यांमध्ये (द्विबीज), इतर सख्ख्या भावंडांप्रमाणेच, माणसामाणसांत वेगळी असणारी जनुकं सरासरी निम्मी जुळतात. समजा, एखाद्या मापाचा सहसंबंध, म्हणजे जोडीतल्या दोघांत ते किती जुळतं याचा आकडा, पहिल्या गटात ०.८० आणि दुसऱ्या गटात ०.४५ आला. फरक ०.३५. तो निम्म्याच जनुकांच्या फरकामुळे पडलेला, म्हणून त्याची दुप्पट, ०.७०: ही आनुवंशिकता, म्हणजे माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा. ०.८० मधून ०.७० वजा केल्यावर उरलेले ०.१० सामायिक वातावरणाचे. बाकीचे ०.२० ज्याच्या-त्याच्या वेगळ्या अनुभवाचे, आणि मोजमापातल्या चुकांचेही.

खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. एका भावाचं क्षेत्रफळ आणि दुसऱ्या भावाची जाडी यांचा सहसंबंध काढायचा. दोन्ही मापांमागे तीच जनुकं असतील, तर हा तिरपा सहसंबंध एकबीज जुळ्यांत द्विबीज जुळ्यांपेक्षा ठळकपणे जास्त यायला हवा. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धकाळात लष्करी सेवेत असलेल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात हेच तपासलं गेलं. ११० एकबीज आणि ९२ द्विबीज जोड्या, वय ५१ ते ५९. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण क्षेत्रफळाची आनुवंशिकता ०.८९, सरासरी जाडीची ०.८१, आणि दोघांमधला जनुकीय सहसंबंध (दोन्ही मापांवर तीच जनुकं किती परिणाम करतात याचा आकडा) फक्त ०.०८. दोन्ही मापं भरपूर आनुवंशिक, पण जनुकं वेगवेगळी. (०.८९ म्हणजे एखाद्याच्या कॉर्टेक्सचा ८९ टक्के भाग जनुकांनी घडवला असं नव्हे. त्या गटातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा तो हिस्सा आहे.)

असं का होत असावं, याचा उलगडा मेंदूशास्त्रज्ञ पास्को राकिच यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून होतो. कॉर्टेक्स पेशींच्या उभ्या स्तंभांचा बनतो. गर्भात मूळ पेशी सुरुवातीला दुप्पट-चौपट होतात, तेव्हा स्तंभांची संख्या ठरते, म्हणजेच क्षेत्रफळ. नंतरच्या विभाजनांतून प्रत्येक स्तंभात पेशी भरल्या जातात, त्याचा परिणाम जाडीवर. पहिल्या टप्प्यात विभाजनाची एक फेरी वाढली, तर स्तंभ दुप्पट होतात. दुसऱ्या टप्प्यात वाढली, तर स्तंभात थोड्याच पेशींची भर पडते. म्हणूनच माणसाच्या कॉर्टेक्सचं क्षेत्रफळ उंदराच्या सुमारे हजारपट, जाडी मात्र दोन-तीनपटच. २०२० मध्ये ५० हजारांहून अधिक लोकांच्या जनुकीय अभ्यासातही क्षेत्रफळाशी निगडित डीएनएतले बदल प्रामुख्याने गर्भावस्थेत सक्रिय असलेल्या नियंत्रक भागांत (जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या डीएनएच्या भागांत) सापडले, जाडीशी निगडित बदल प्रौढ मेंदूत सक्रिय असलेल्या भागांत. तिथे जनुकीय सहसंबंध −०.३२ आला, म्हणजे किंचित उलट दिशेचा. एखादं जनुक क्षेत्रफळ वाढवून जाडी कमी करत असेल, तर घनफळ मोजणाऱ्याला ते दिसणारच नाही.

चुकांचा फटका दोन्ही मापांना सारखा बसत नाही. मशीनमध्ये डोकं हललं की सीमा पुसट होते आणि कॉर्टेक्स खरोखरीपेक्षा पातळ मोजला जातो. बाहेरची जाळी मेंदूच्या वेष्टनावर सरकली, तर तो जाड दिसतो. पाव मिलिमीटर म्हणजे जाडीचा दहावा भाग, त्यामुळे प्रत्येक जाळी डोळ्यांनी तपासल्याशिवाय जाडीचे आकडे वापरू नयेत. जोडीतले दोघे एकाच मशीनवर स्कॅन करावेत आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती अभ्यासाच्या मध्येच बदलू नये. एकबीज की द्विबीज हे चेहऱ्यावरून न ठरवता डीएनएवरून ठरवावं. गट मिसळले की दोन्ही सहसंबंध एकमेकांच्या जवळ येतात आणि आनुवंशिकता खोटीच कमी दिसते.

सर्वात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे डोक्याच्या आकाराची दुरुस्ती. डोकं मोठं तर क्षेत्रफळही मोठं, म्हणून तिथे ती लागते. जाडीचा डोक्याच्या आकाराशी संबंध क्षीण असतो. तरीही सवयीने जाडीला कवटीच्या घनफळाने भागलं, तर डोक्याचा आकार ठरवणारी जनुकं मागच्या दाराने जाडीच्या आकड्यात शिरतात.