विहिरीचं पाणी, तंबाखूचं पान आणि गुलाबी रंग : नायट्राइट तपासणीची पार्श्वभूमी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसही आहे, तंबाखूही. उसाला दिलेल्या युरियातलं पिकानं न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरी-बोअरमध्ये उतरतं. तंबाखूचं पान वाळताना आणि साठवणीत जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात. त्याचा पानातल्या अल्कलॉइडांशी (निकोटीनसारख्या नत्रयुक्त द्रव्यांशी) संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात. पाणी असो वा पान, नायट्राइट अगदी थोडं असतं, आणि तेवढंच पकडायला, नायट्राइट असेल तर गुलाबी रंग देणारी अभिक्रिया लागते.

ही अभिक्रिया पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. डायअ‍ॅझो संयुगं (नत्राचे दोन अणू एकमेकांना जोडलेली) त्यानं 1858 मध्ये शोधली. पुढं इंग्लंडमधल्या बर्टनला बिअरच्या कारखान्यात नोकरी करताना, 1879 मध्ये, सल्फॅनिलिक आम्ल आणि अल्फा-नॅफ्थिलअमाइन वापरून नायट्राइटची कसोटी मांडली. दुसरं रसायन हाताळायला धोक्याचं, म्हणून ते मागं पडलं. 1939 मध्ये ब्रॅटन आणि मार्शल यांनी रक्तातलं सल्फा (जिवाणूंविरुद्धचं) औषध मोजायला अल्फा-नॅफ्थिलअमाइनच्या जागी एनईडी (नॅफ्थिल-एथिलीनडायअमाइन) हे नवं रसायन आणलं. तिथं नायट्राइट बाहेरून घालायचं आणि औषध मोजायचं. 1941 मध्ये शिन यांनी तेच उलटं केलं : सल्फॅनिलामाइड हे सल्फा औषधच भरपूर घालायचं आणि नायट्राइट मोजायचं. आजची पद्धत हीच. लघवी तपासायच्या पट्टीवरचा नायट्राइटचा चौकोनही याच कुळातला. रुग्णानं भरपूर क जीवनसत्त्व घेतलं असेल तर तो फसतो.

पाण्यासाठी कृती अशी. गाळलेल्या 50 मिली नमुन्यात आम्लातलं सल्फॅनिलामाइड 1 मिली घालून ढवळायचं, 2 ते 8 मिनिटं थांबायचं, मगच एनईडी 1 मिली. 10 मिनिटांनंतर, पण 2 तासांच्या आत, 543 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात रंगाच्या गडदपणाचं वाचन घ्यायचं. क्रम उलटा करू नका. डायअ‍ॅझोनियम (नायट्राइट आणि सल्फॅनिलामाइडपासून बनणारं, एनईडीशी जुळून गुलाबी रंग देणारं संयुग) आधी तयार व्हायला हवं, आणि फार वेळ ठेवलं तर तेच विघटन पावतं. पाण्यात तांबं असेल तर ते विघटन आणखी वाढतं आणि आकडा कमी येतो. नमुना टिकवायला आम्ल घालायचं नाही, त्यानं नायट्राइटच जातं; थंड ठेवून लगेच तपासायचा.

तंबाखूचा अर्क मुळातच तपकिरी. त्यासाठी एनईडी न घातलेली दुसरी नळी ठेवून तिचं वाचन वजा करावं लागतं. हीच तपासणी रक्ताच्या प्लाझ्मावर (पेशी काढलेल्या द्रवावर) करायची तर त्यातली प्रथिनं आम्लानं गढूळ होतात, म्हणून ती आधी काढायची. हेपरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेली नळीही टाळलेली बरी, कारण अभिकर्मकाच्या आम्लात तिथं साका बसतो.