तुरीच्या रानात नागाचं नाव दोनदा का?

लातूरजवळ तुरीच्या रानात नाग निघाला. सर्पमित्रानं तो पकडून लांब सोडला आणि फोटो पाठवला, खाली शास्त्रीय नाव: नाजा नाजा. वर्गात दाखवला तर एका पोरानं विचारलं, "सर, चुकून दोनदा टाईप झालं का?"

चूक नाही ती! शास्त्रीय नावात पहिला शब्द प्रजातीचा (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा), दुसरा जातीचा. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानं 1758 साली नागाला 'कोलुबर नाजा' म्हटलं. कोलुबर म्हणजे लॅटिनमध्ये साप, आणि नाजा हे आपल्याच 'नाग' शब्दाचं रूप. (म्हणून पुराणात वर्गीकरणशास्त्र होतं असे मेसेज फिरवू नयेत. शब्द तेवढा इथला, वर्गीकरण नाही.)

कोलुबरमध्ये तेव्हा नाना तऱ्हेचे साप कोंबलेले होते. 1768 मध्ये लॉरेंटी या निसर्गशास्त्रज्ञानं 'नाजा' ही स्वतंत्र प्रजाती केली. प्रजाती बदलली तरी जातीचं मूळ नाव सोबत जातं, हा नियम. सासरी गेलेल्या पोरीचं आडनाव बदलतं, हाक मारायचं नाव तेच राहतं, तसं. इथं मात्र नवं आडनावच त्या नावावरून पाडलेलं, म्हणून नाजा नाजा. चितळाचंही तेच: सर्वस अ‍ॅक्सिसचं झालं अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस. घरातला काळा उंदीर रॅटस रॅटस. गोरिलाच्या एका उपजातीला तर तिसऱ्यांदा तेच नाव लागतं: गोरिला गोरिला गोरिला. शिवाय मुद्दाम गंमत करणारेही आहेत. मेन्के या कीटकशास्त्रज्ञानं 1977 साली ऑस्ट्रेलियातल्या एका गांधीलमाशीचं नाव ठेवलं 'आहा हा'.

आता त्याच रानातली तूर बघा. 1753 मध्ये लिनियसनं तिला 'सायटिसस कजान' म्हटलं. पुढं कजानस ही प्रजाती वेगळी झाली, जातीचं नाव नियमाप्रमाणे सोबत आलं आणि तूर झाली 'कजानस कजान'. मुळात हा शब्द शेंगवर्गीय दाण्यांसाठीच्या मलय 'काचांग'वरून आलेला. नाव इथंही जवळपास दोनदाच, पण हुबेहूब नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या नावांचे कायदे वेगळे. प्राण्यांच्या कायद्याला हुबेहूब दुहेरी नाव चालतं, वनस्पतींच्या कायद्याला अजिबात चालत नाही. तसं झालंच, तर जातीसाठी दुसरं नाव शोधावं लागतं.

त्या पोरानं फळ्यावर 'कजानस कजान' लिहिलं, बोटानं 'स' पुसला आणि म्हणाला, "आता बाद."